पात्राचे अधःपतन आणि आश्रयदात्याची फर्माईश : तमाशा, नाटक व प्रौढांसाठीचे संगणकीय कथाखेळ

१

सुस्थित आणि सुशील अशा पात्राचे पायरीपायरीने होणारे अधःपतन हा कथात्म वाङ्मयातील फार जुना विषय होय. मराठीत या विषयाची चर्चा बहुतांशी नीतिबोधाच्या अंगाने झाली. लेखकाने पतन का दाखविले, त्यापासून समाजाने कोणता धडा घ्यावा, हेच प्रश्न टीकाकारांना महत्त्वाचे वाटले. पतनाचा वेग कोण ठरवितो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. जेथे कथा सांगणाऱ्याचा चरितार्थ प्रेक्षकाच्या किंवा वर्गणीदाराच्या पैशावर थेट अवलंबून असतो, तेथे वस्तुतः हाच प्रश्न आधी उभा राहतो. पैसा देणाऱ्याला पतन पाहावयाचे असते आणि ते लवकर पाहावयाचे असते. पतन पूर्ण झाले की कथा संपते आणि पैशाचा ओघही आटतो. ते लांबविले, तर सांगणाऱ्यावर फसवणुकीचा आरोप येतो. या पेचातून लेखक कसा वाट काढतो, यावर पात्र जिवंत राहणार की केवळ मागणीचे साधन बनणार, हे अवलंबून असते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा पेच एका नव्या माध्यमात अगदी उघड स्वरूपात दिसू लागला आहे. प्रौढांसाठीचे संगणकीय कथाखेळ हे ते माध्यम. एकटादुकटा निर्माता किंवा दोघाचौघांचा गट असे खेळ रचतो. मोठ्या कंपनीचे भांडवल त्यामागे नसते. २०१३ साली अमेरिकेत सुरू झालेल्या पेट्रिऑनसारख्या व्यवस्थेतून शेकडो आश्रयदाते दरमहा ठरावीक रक्कम देतात आणि त्या बदल्यात त्यांना खेळाचा नवा भाग इतरांच्या आधी मिळतो. अधिक रक्कम देणाऱ्यांना पुढील प्रसंग कोणता असावा यावर मत देण्याचाही अधिकार अनेकदा असतो. या खेळांत पात्राच्या भ्रष्टतेची रचना हा एक स्वतंत्र प्रकारच रूढ झाला आहे. पात्रे वयाने प्रौढ असतात, हे येथे गृहीत आहे. एखादी करारी अधिकारी स्त्री किंवा एखादा नेमस्त गृहस्थ आरंभी दाखविला जातो. खेळणाऱ्याच्या प्रत्येक निवडीबरोबर त्याच्या भ्रष्टतेचा आकडा वाढतो आणि आकडा एका मर्यादेस पोहोचला की तोवर बंद असलेला प्रसंग उघडतो.

मराठीच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. कथनशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यातील दोन्ही घटक, म्हणजे पतनाची पायरी आणि पैसा देणाऱ्याची अपेक्षा, मराठी रंगभूमीने आणि तमाशाने फार पूर्वी हाताळले आहेत. नव्या निर्मात्यांना जो प्रश्न छळतो, त्याची काही उत्तरे गडकरी आणि तेंडुलकर यांच्या नाट्यरचनेत सापडतात, असे दाखविण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२

धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नाचे मूळ रूप आजही पाहता येते. सोलापूर-धुळे महामार्गावर येडशी ओलांडल्यानंतर चोराखळी-येरमाळा या पट्ट्यात रस्त्यालगत सांस्कृतिक कला केंद्रे आहेत. तेथे संगीत बारीच्या पद्धतीची बैठक चालते. त्याच येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेच्या सुमारास येडेश्वरीची यात्रा भरते, आणि यात्राजत्रांच्या हंगामात गावोगाव ढोलकी फडाच्या तमाशाला सुपारी देण्याची प्रथा महाराष्ट्रभर आहे. संगीत बारी आणि ढोलकी फड ही तमाशाचीच दोन रूपे. आश्रयदात्याशी असलेले त्यांचे नाते मात्र अगदी वेगळे आहे.

बैठकीत रसिक समोर बसतो, फर्माईश करतो, दौलतजादा देतो आणि मागितलेली लावणी त्याच क्षणी त्याच्या पदरात पडते. मागणी आणि पूर्ती यांत अंतर नसते. म्हणूनच बैठकीच्या लावणीत भाव असतो, अदा असते, पण दीर्घ कथानकातून बदलत जाणारे पात्र नसते. पात्र बदलण्यास काळ लागतो आणि फर्माईश काळ देत नाही. फडाचे तसे नाही. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी हे सारे झाल्यावर, रात्र बरीच चढल्यावर वग उभा राहतो. प्रेक्षकाची नाचगाण्याची हौस आधी भागविली जाते आणि मगच त्याच्यापुढे कथा ठेवली जाते. तमाशाच्या अभ्यासात या क्रमाचा विचार पूर्वरंग-उत्तररंग या अंगानेच होत आला. आर्थिक व्यवहाराच्या अंगाने पाहता ती एक शहाणी तडजोड होती, असे म्हणावे लागते. फर्माइशीचे देणे आधी चुकते केल्यामुळे वगातील पात्राला स्वतःच्या गतीने चालण्याची मोकळीक मिळाली.

संगणकीय कथाखेळांच्या निर्मात्यांपुढची अडचण अशी की त्यांची गौळण आणि वग एकच असतात. आश्रयदात्याला जे हवे ते पात्राच्या पतनातच दडलेले असते. त्यामुळे दर महिन्याचा नवा भाग म्हणजे पतनाची नवी पायरी, असे समीकरण बनते. महिना रिकामा गेला की आश्रय सुटतो. मग पायऱ्या वाढविल्या जातात, पण त्या पायऱ्यांना चढउतार राहत नाही. आकडा तेवढा पुढे सरकतो.

अर्थात हप्त्याहप्त्याने कथा देण्याचा व्यवहार मराठीला नवा नव्हता. हरिभाऊ आपटे यांची 'मधली स्थिति' १८८५ मध्ये 'पुणे वैभव' पत्रातून क्रमशः आली. बदलत्या काळात सैल होत गेलेले पुण्याचे मध्यमवर्गीय जीवन, त्यातील व्यसने आणि त्यांपायी बिघडणारी माणसे हाच तिचा विषय होता आणि तीवर रेनॉल्ड्सच्या रहस्यप्रचुर कादंबऱ्यांची छाया होती. पुढे १८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' साप्ताहिक काढले. दर आठवड्याला वर्गणीदाराचे देणे भागविताना त्यांच्या कित्येक कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. हप्त्यांच्या ओझ्याखाली कथा अर्ध्यावर राहणे ही केवळ आजची गोष्ट नव्हे. २०१६ मध्ये पेट्रिऑनवर मोठा आश्रय लाभलेला 'ब्रीडिंग सीझन' हा खेळ निर्मात्यांतील वादामुळे अपूर्ण अवस्थेतच बंद पडला. अर्थात त्याचे कारण निराळे होते. हरिभाऊंच्या अपूर्ण कादंबऱ्या आजही वाचल्या जातात, हा फरकही विसरता येत नाही.

३

पतनाच्या रचनेचा मराठीतील सर्वांत परिचित नमुना म्हणजे राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला'. गडकऱ्यांचा मृत्यू २३ जानेवारी १९१९ रोजी झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर या दोन भूमिकांनी त्या प्रयोगांना कीर्ती मिळाली.

गंधर्व मंडळीच्या प्रेक्षकाची अपेक्षा काय होती, हे सर्वश्रुत आहे. त्याला बालगंधर्वांचे गाणे हवे होते, एकदा नव्हे तर पुनःपुन्हा हवे होते. 'वन्समोर'च्या आरोळ्यांमुळे मंडळीचे प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. तोलाने नव्हे तर टाळ्यांनी चालणाऱ्या अशा प्रयोगात एका सुशिक्षित वकिलाचे पतन रेखाटणे म्हणजे कथेचा धागा कोठेही तुटण्याची शक्यता स्वीकारणे होते. गडकऱ्यांनी काढलेला मार्ग येथे विशेष लक्षणीय आहे. पतन सुधाकराचे, पण नाटकातील सर्वांत गाजलेली गाणी सिंधूच्या वाट्याची. प्रेक्षक ज्यासाठी पैसा मोजतो ते सुख पतनाशी जोडलेले नाही. ते पतनाची किंमत मोजणाऱ्या स्त्रीच्या मुखी ठेवले आहे. वन्समोर घेतल्याने सुधाकर एक पायरीही लवकर खाली येत नाही. उलट सिंधूचे दुःख मात्र तेवढा वेळ अधिक ऐकावे लागते. वगात जे पूर्वरंगाने साधले, ते गडकऱ्यांनी पात्रांच्या विभागणीने साधले.

सुधाकराच्या पतनाचा आरंभ पुष्कळांना घाईचा वाटतो. न्यायालयातील अपमान, त्यातून सनदेवर आलेली आपत्ती आणि त्या दुःखावर उतारा म्हणून तळीरामाने पुढे केलेला पहिला प्याला, एवढ्यावर एका बुद्धिमान माणसाचा नाश ओढवतो, हे पटण्यास कठीण असा आक्षेप घेता येतो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तळीराम हा प्रलोभनकार म्हणून इतका विनोदी आणि आर्यमदिरामंडळाचे प्रवेश इतके रंगतदार की मद्यपाननिषेधाचा हेतू धरून आलेला प्रेक्षकही काही काळ मद्यप्यांच्या बैठकीतच रमतो. गडकऱ्यांनी प्रेक्षकाला दिलेली ही सवलत होती की विनोदी लेखकाचा हात आवरला नाही, याचा निर्णय सोपा नाही, बहुधा दोन्ही.

परंतु नाटकाच्या मध्यावर सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि कामधंदा मिळविण्यासाठी बाहेर पडतो, तो भाग मात्र पतनकथेच्या रचनेतील कळीचा होय. त्याला कोणी जवळ करीत नाही. ज्यांच्या दृष्टीने तो एकदा दारूबाज ठरला, ते त्याच्या निश्चयावर विश्वास ठेवीत नाहीत, आणि तो अपमान त्याला पुन्हा प्याल्याकडे नेतो. पहिले पतन तळीरामाने घडविले, दुसरे प्रतिष्ठितांनी. पहिल्यात मोह होता, दुसऱ्यात नकार आहे. आकड्याने चालणाऱ्या खेळात हे घडत नाही, कारण आकडा सहसा एकाच दिशेला सरकतो. परत फिरण्याचा प्रयत्न आणि त्या प्रयत्नाचा पराभव यांवाचून पतन म्हणजे केवळ घसरण ठरते. पात्राला काही तरी वाचवावयाचे होते, हे प्रेक्षकाला तेथेच कळते. सुधाकर रामलालपुढे व्यसनी माणसाच्या अवस्था स्वतःच उलगडून सांगतो, हेही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे जाणणारे पात्र प्रेक्षकाच्या हातातील बाहुले राहत नाही.

आणि मग दळण दळून घर चालविणारी सिंधू, नशेतील प्रहाराने गेलेले मूल, फौजदारापुढे पतीचा अपराध झाकणारी मरणोन्मुख स्त्री. या शेवटात अतिरेक आहे, सिंधूच्या पातिव्रत्याचा आदर्श आजच्या वाचकाला असह्य वाटतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि रचनेच्या अंगाने एक गोष्ट निर्विवाद उरते : सुधाकराच्या प्रत्येक पायरीची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते आणि ती रंगमंचावर दिसते.

४

गडकऱ्यांनी प्रेक्षकाच्या अपेक्षेला वळण दिले. विजय तेंडुलकरांनी ती अपेक्षाच नाटकाचा विषय केली. 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने सादर केले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची, आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे होते. तमाशा, दशावतार, कीर्तन यांचा आधार घेणारे हे नाटक ब्राह्मणांच्या मानवी भिंतीने उभे राहते. ती भिंत गाते, नाचते, पडदा बनते, समाज बनते.

घाशीरामाच्या पतनाचे पहिले कारण अपमान, हे सुधाकराशी साम्य वरवरचे आहे. कनोजहून आलेला हा ब्राह्मण पुण्यात चोर ठरविला जातो, मार खातो, तुरुंगात जातो आणि सूडाची प्रतिज्ञा करतो. त्यानंतर तो स्वतःच्या मुलीच्या मोबदल्यात कोतवाली मिळवितो. या एका सौद्याने त्याचे पतन वस्तुतः पूर्ण झालेले असते. नाटक मात्र तेथून पुढे चालते, आणि खरी रचना येथूनच कळते. मुलगी मरते, सौद्याचे कारण संपते, तरी कोतवाली उरते. आता सूडाला हेतू राहिलेला नसतो. सवय उरलेली असते. पतनानंतरच्या या रिकाम्या जागेचे चित्रण मराठी नाटकात दुर्मीळ होय. संगणकीय कथाखेळांत आकडा शेवटच्या मर्यादेस पोहोचला की निर्मात्याकडे सांगण्यासारखे काही उरत नाही, आणि मग तो नवे पात्र आणून पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करतो. घाशीरामाचा उत्तरार्ध हे त्या रितेपणाचे दुसरे उत्तर आहे.

आश्रयदात्याचा प्रश्न येथे दुहेरी होतो. नाटकाच्या आत नाना हाच आश्रयदाता आहे. त्याला जे हवे ते मिळेपर्यंत तो घाशीरामाला वर चढवितो आणि शहर चवताळल्यावर त्याच निर्विकारपणे त्याला जमावाच्या स्वाधीन करतो. नाटकाबाहेरही काहीसे असेच घडले. मातृसंस्थेने १९ प्रयोगांनंतर नाटक थांबविले. ब्राह्मणांची आणि नाना फडणवीसांची बदनामी हा त्यावरील आक्षेप होता. त्यातून बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४ पासून नाटक पुन्हा सुरू झाले. येथे संस्था म्हणजे केवळ पैसा नव्हता. तालमीची जागा, प्रतिष्ठा आणि सभासदांची अपेक्षा हे सारे तीत आले. ते सारे सोडून कलावंत पात्राच्या बाजूने उभे राहिले. पात्राची रचना बदलून, नानाला थोडा सौम्य करून, तडजोड करता आली असती. तशी तडजोड झाली असती तर मानवी भिंतीला काही अर्थच राहिला नसता.

प्रेक्षकाच्या दृष्टीने या नाटकात एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. बावनखणीतील नाच, गाणी, नानाची रंगेल लगबग यांचा आस्वाद प्रेक्षक घेतो, टाळ्या देतो. तीच भिंत थोड्या वेळाने घाशीरामाला दगड मारण्यासाठी पुढे येते, आणि मघा तिच्या तालावर डोलणारा प्रेक्षकही तिच्यात आपोआप सामील झालेला असतो. फर्माईश करणारा निर्दोष राहत नाही. हे तेंडुलकरांनी उपदेशाने सांगितलेले नाही. तालाने सांगितले आहे.

५

त्याच १९७२ सालातील 'सखाराम बाईंडर' हे प्रौढांसाठीचे नाटक या शब्दाला सर्वाधिक पात्र. कमलाकर सारंगांनी ते दिग्दर्शित केले. निळू फुले सखाराम झाले आणि लालन सारंगांनी चंपा उभी केली. परीनिरीक्षण मंडळाशी संघर्ष झाला, प्रयोगांवर बंदी आली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नाटक पुन्हा रंगभूमीवर आले. या साऱ्यामुळे नाटकाभोवती विलक्षण कुतूहल जमा झाले. पुष्कळसा प्रेक्षक चंपेला पाहण्यासाठीच आला असावा, हे मानण्यास अडचण नाही.

तुलना करावयाची झाली तर २०२५ च्या जुलैमध्ये स्टीम आणि इच या दोन विक्रीव्यवस्थांवरून प्रौढांसाठीचे अनेक खेळ हटविले वा शोधयादीतून वगळले गेले, तो प्रसंग आठवतो. तेथे मात्र मंडळ नव्हते, न्यायालयही नव्हते; पैशाची देवघेव करणाऱ्या कंपन्यांचा दबाव होता. सारंगांना वाद कोणाशी आहे हे ठाऊक होते आणि त्यासाठी उभे राहण्यास एक जागा होती. आजच्या निर्मात्याला आश्रयदात्याच्या आडून बोलणारा हा दुसरा धनी दिसत देखील नाही.

चंपा ही त्या प्रेक्षकाच्या अपेक्षेप्रमाणे पतित स्त्री म्हणूनच प्रवेश करते : नवऱ्याला सोडून आलेली, शिवराळ, कोणाचीही भीड न बाळगणारी. सखारामाची शारीरिक मागणी सोसण्यासाठी ती दारू पिते. प्रेक्षकाला तिचे पतन पाहण्याची सोय नाही, कारण ते आधीच झालेले आहे. जे दिसते ते तिच्या सोसण्याचे रूप आहे. ज्याच्यासाठी तिकीट काढले ते दृश्य समोर येते आणि त्यातून सुख मात्र मिळत नाही. कलावंताच्या दृष्टीने अपेक्षेचे व्यवस्थापन म्हणावे ते हेच. मागितलेली वस्तू नाकारलेली नाही, लपविलेली नाही. तिचा अर्थ तेवढा बदलला आहे.

आणि या काळात ज्या पात्राकडे कोणाचेही लक्ष नसते, तिचे पतन चालू असते. लक्ष्मी पापभीरू आहे, देवाधर्माची आहे, मुंगळ्याशी बोलणारी आहे. पहिल्या अंकात तिच्या सोशिकपणाबद्दल प्रेक्षकाच्या मनात करुणा उत्पन्न होते. घराबाहेर काढलेली ही स्त्री परत येते, त्याच घराच्या कोपऱ्यात राहते, चंपेला आणि दाऊदला पाहते आणि सखारामाला सांगते. त्यानंतर सखाराम चंपेचा गळा दाबतो. तो स्वतः कोलमडून पडतो, पण लक्ष्मी शांत राहते. प्रेत पुरण्याची व्यवस्था तीच सुचविते आणि त्या कृत्याला देवाचा आधारही तीच देते. या वाटचालीत कोठेही आकडा वाढताना दिसला नाही, एकही बंद प्रसंग उघडला नाही. प्रत्येक पायरीवर ती स्वतःला अधिक पवित्र समजत गेली. चंपेकडे डोळे लावून बसलेल्या प्रेक्षकाच्या लक्षात येईपर्यंत कुदळ तिच्या हाती आलेली असते.